सबका कुकर चला जाता: कारखान्यात सुरक्षेची बक्षीस योजना कशी उभी करावी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, माझ्याकडे सेफ्टीचं काम आलं, तेव्हा पहिली बक्षीस योजना मीच काढली. गेटवर मोठा बोर्ड लावला: 'अपघाताविना इतके दिवस'. नव्वद दिवस भरले की सगळ्यांना एकेक पाच लिटरचा कुकर. आकडा रोज वाढत होता, मालक खूश होते आणि मीही.

एक्क्याऐंशीव्या दिवशी सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत एक हेल्पर डाव्या हाताने भात खाताना दिसला. उजवा हात टेबलाखाली. बाहेर काढायला लावला, तर दोन बोटांना मशीन पुसायचं फडकं आणि वर सेलोटेप. पत्र्याची बर, म्हणजे कडेची धारदार कुसळ, लागून बोट चिरलं होतं. नंतर चार टाके पडले. 'सांगितलं का नाहीस?' म्हणून विचारलं. तो म्हणाला, "साहब, सबका कुकर चला जाता."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जखम लपवली तर बक्षीस आणि सांगितली तर एकशेवीस जणांच्या शिव्या, असाच व्यवहार मी त्याच्यापुढे ठेवला होता.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांना एके दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं जातं, 'सेफ्टीचंही आता तूच बघ, आणि काहीतरी बक्षीस-बिक्षीस सुरू कर.' २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या नव्या संहितेनुसार ५०० कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० कामगारांपासून, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. त्याखालच्या कारखान्यांत हे काम एचआर, मेंटेनन्स नाहीतर क्वालिटीतल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की माझ्यासारखे कुकर वाटत बसाल.

पहिली पायरी: बक्षिसाआधी मशीनचं गार्ड

पहिले पंधरा दिवस बक्षिसाचं नावही काढू नका. तिन्ही शिफ्टमध्ये फिरा आणि फक्त बघा. प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात. हेतू हा, की प्रेसचा दट्ट्या खाली येताना (यालाच स्ट्रोक म्हणतात) दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर असावेत. त्यातल्या एका बटणात पाचर मारलेली दिसली, तर समजा की इथे बक्षिसाने काही होणार नाही. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास केलेला आहे का, ग्राइंडरचं गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलंय का, फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजतो का, हे सगळं वहीत लिहा.

पाचर कुणी मारली यापेक्षा का मारली हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: तासाचं टार्गेट. एका हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावत दुसऱ्या हाताने बटण दाबलं की तासाला पन्नास-साठ नग जास्त निघतात. मग त्या ऑपरेटरला सुरक्षित वागण्याबद्दल शंभर रुपयांचं कूपन देणं म्हणजे थट्टाच. आधी टार्गेट दोन हातांच्या वेगाने पुन्हा मोजून घ्या, बटणाचं सर्किट असं करून घ्या की दोन्ही बटणं आधी सोडून पुन्हा एकाच वेळी दाबली तरच पुढचा स्ट्रोक बसेल. धोका मुळातून काढणं सगळ्यात वर, मग यंत्राचा बंदोबस्त, मग कामाची पद्धत, आणि हातमोजे-हेल्मेट सगळ्यात शेवटी, हा क्रम सेफ्टीच्या पहिल्या वर्गात शिकवतात. बक्षीस या उतरंडीत कुठेच नाही. ते फक्त हा क्रम चालता ठेवणाऱ्या माणसांसाठी असतं.

आणि एक. सेफ्टी शूज, गॉगल, हातमोजे बक्षीस म्हणून कधीही देऊ नका. तो कामगाराचा हक्क आहे, त्याचे पैसे त्याच्याकडून घेता येत नाहीत असं कायदाच सांगतो. हक्काची वस्तू स्टेजवर बोलावून, फोटो काढून दिली, की लोक समोर टाळ्या वाजवतात आणि मागे हसतात.

दुसरी पायरी: बक्षीस नेमकं कशाचं

शून्य अपघाताचं नाही, एवढं तर आलंच. पण हा मोह फक्त आपल्या एमआयडीसीतला नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले. त्याच दिवशी बीपी आणि ट्रान्सओशन या कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आलेले होते. भेटीचं एक निमित्त कौतुकाचं होतं: सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत नाही! तो आकडा खोटा नव्हता. पण घसरून पडणं, बोट चिमटणं अशा गोष्टी त्यात मोजल्या जात होत्या. विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, ते त्या आकड्यात दिसणारच नव्हतं. पुढच्या वर्षी ट्रान्सओशनने २०१० हे सुरक्षेच्या दृष्टीने आपलं सर्वोत्तम वर्ष ठरवून अधिकाऱ्यांना बोनस दिला. ओरड झाल्यावर त्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला दिली.

अमेरिकेत कारखान्यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या ओशा या सरकारी यंत्रणेने २०१२ च्या पत्रकातच बजावलं होतं, की बक्षिसाच्या ओढीने दुखापत दडवली जात असेल तर ती योजना कामगाराच्या हक्कावर गदा आणते. २०१८ मध्ये तिने आणखी स्पष्ट केलं: धोका किंवा थोडक्यात टळलेली घटना सांगणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही, आकड्यावर बक्षीस असेल तर मात्र लपवाछपवी होणार नाही याची वेगळी तजवीज हवी. माझं मत याहून कडक आहे. लहान कारखान्यात ती तजवीज कुणी करत नाही, तेव्हा आकड्यावरचं बक्षीस सरळ बंदच ठेवा.

मग द्यायचं कशाला? डोळ्यांनी दिसतं आणि कामगाराच्या हातात असतं, अशा गोष्टींना. धोका दिसला आणि सांगितला. थोडक्यात वाचला आणि ते कबूल केलं. शंका आली म्हणून मशीन थांबवली. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शेजारी उभं राहून शिकवलं. एखादी साधी युक्ती काढली, जसं डायमधला जॉब बोटांऐवजी चुंबकाच्या दांड्याने काढणं. शेवटची गोष्ट तर केंद्र सरकारही मानतं: विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगारांच्या अशाच सूचनांना दिले जातात आणि ती परंपरा १९६५ पासूनची आहे. तुमच्या शॉपमधल्या कुणाची युक्ती खरंच चांगली असेल, तर अर्ज भरायला त्याला मदत करा. इंग्रजी फॉर्म बघून तो स्वतःहून त्या वाटेला जाणार नाही.

तिसरी पायरी: 'वाचलो' कार्ड

आमच्याकडे कार्डाचं नाव ठरवायलाच दोन मीटिंगा गेल्या. 'निअर मिस रिपोर्ट' म्हटलं की फॉर्म वाटतो आणि फॉर्म म्हटलं की लोक लांब पळतात. शेवटी वर 'वाचलो' आणि खाली 'बच गये' असं छापलं, कारण तोंडातून निघतात ते हेच शब्द. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि तीनच प्रश्न: कुठे? काय होता होता राहिलं? काय केलं पाहिजे? मराठी आणि हिंदी दोन्हींत, कारण आमच्या शॉपवर लातूर-बीडची मुलं होती तशीच बिहार आणि ओडिशाचीही. लिहिता येत नसेल तर चित्र काढा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. एका हेल्परने नुसता बाण काढून 'यहाँ' लिहिलं होतं. त्या बाणाच्या टोकाला उघडी वायर निघाली.

पेटी कँटीनच्या हात धुण्याच्या जागेजवळ लावा. एचआरच्या दाराशी लावाल तर तीत बिस्किटाचे कागद सापडतील. नाव न लिहिता कार्ड टाकायची मुभा हवीच. मग बक्षीस कुणाला? त्यासाठी कार्डाला नंबर छापलेली चिठ्ठी जोडा, फाडून खिशात ठेवण्यासारखी. आठवड्याला नंबर फळ्यावर लागतात. ज्याला यायचं तो चिठ्ठी घेऊन येतो, ज्याला नको तो येत नाही.

सेफ्टीच्या कुठल्याही वर्गात हाइनरिखचा त्रिकोण दाखवतात: एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना. १९३१ च्या पुस्तकातले हे आकडे आज बरेच जण मानत नाहीत, आणि ते तंतोतंत घेऊही नयेत. तळातल्या सगळ्याच घटना वरच्या मोठ्या अपघाताकडे नेतात असंही नाही. म्हणून कार्डं मोजण्यापेक्षा वाचा. शंभर कार्डांत एकात 'प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते' असं लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी बाकीची नव्व्याण्णव बाजूला.

चौथी पायरी: उत्तर

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक योजना इथेच मरतात.

पहिल्या महिन्यात आमच्याकडे बावीस कार्डं आली. एक असं: 'सात नंबरच्या मागे तेल गळतंय. भुसा टाकतो. काल घसरलो, पडलो नाही.' मी त्याला कूपन दिलं, टाळ्या झाल्या. तेलाचं सील बदलायचं होतं, किंमत चारशेच्या आसपास. परचेसची मंजुरी यायला तीन आठवडे लागले. तोवर दर शिफ्टला भुसा टाकणं चालूच. दुसऱ्या महिन्यात कार्डं आली चार. मी कार्ड टाकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कूपनचा वडापाव तर खाल्ला, पण तेल तिथंच आहे ना साहेब."

त्यानंतर नियम केला. कार्ड आलं की चोवीस तासांत कुणीतरी त्या माणसाकडे मशीनवर जाऊन बोलायचं. काम झालं नसलं तरी चालेल, पण 'बघितलं, सील मागवलंय, गुरुवारी येईल' एवढं सांगायचं. कँटीनमध्ये फळा लावला, तीन रकाने: सांगितलं, चालू आहे, झालं. काम करता येणार नसेल तर तेही कारणासकट लिहायचं. 'छप्पर उंच करता येत नाही, पंखा वाढवतोय' हे उत्तर लोक समजून घेतात. गप्प बसणं समजून घेत नाहीत.

आणि पैसे. मालकांकडून बक्षिसांसाठी जेवढे मागाल, त्याच्या दुप्पट-तिप्पट किरकोळ दुरुस्तीसाठी मागा, आणि ते खर्च करायचा अधिकार मेंटेनन्सच्या शिफ्ट इंजिनिअरला द्या. दोन हजारांपर्यंतचं काम सहीशिवाय. पाच लिटरच्या एकशेवीस कुकरांच्या पैशांत किती सीलं येतात, हा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा मंजुरी मिळाली.

पाचवी पायरी: बक्षीस कसं, केवढं, कधी

लहान आणि लवकर. शंभर-दोनशे रुपयांचं कूपन त्याच आठवड्यात मिळालेलं बरं. वर्षाअखेर मिळणाऱ्या पाच हजारांपर्यंत कुणाला आठवतच नाही की कशाबद्दल होतं. मोठी रक्कम ठेवली की भांडणं सुरू होतात आणि बनावट कार्डंही.

वस्तू द्यायच्या तर हंगाम बघून द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात रेनकोट किंवा मुलांच्या वह्यांचा संच, थंडीत ब्लँकेट. कंपनीचा लोगो छापलेले मग आणि घड्याळं गोदामात पडलेली असतील तर ती पाहुण्यांना द्या. आम्हाला सगळ्यात चाललेली गोष्ट म्हणजे घरी जाणारं पत्र. कामगाराच्या गावच्या पत्त्यावर, त्याच्या भाषेत, चार ओळी: 'तुमच्या मुलाने अमुक दिवशी अमुक धोका वेळीच दाखवला, त्यामुळे त्याच्या चार सोबत्यांचे हात वाचले.' खाली मालकांची पेनने केलेली सही. खर्च पाकिटाचा आणि तिकिटाचा. फक्त नाव बरोबर लिहा. 'शेख'चं 'शेक' झालेलं प्रमाणपत्र मी स्वतः वाटलंय. तो माणूस ते घेऊन गेला आणि पुन्हा कधी कार्ड टाकलं नाही.

कंत्राटी कामगारांना तीच योजना, तीच रक्कम, त्याच फळ्यावर नाव. सगळ्यात धोक्याचं काम बहुधा त्यांच्याकडेच असतं आणि मशीनशी सगळ्यात नवेही तेच असतात. ठेकेदार 'माझ्या माणसांना सवयी लावू नका' म्हणाला, तर ते बोलणं मालकांसमोर करून घ्या.

सगळ्यांनाच स्टेज आवडतं असं नाही. आमच्या शॉपचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणत. एका रात्री त्यांच्या प्रेसने बटण सोडल्यावरही पुन्हा एक स्ट्रोक मारला. मामांनी मेन स्विच बंद केला, वर आपला डबा ठेवला आणि सुपरवायझरला म्हणाले, "आता हिला कुणी हात लावायचा नाही." क्लचची की, म्हणजे चाक शाफ्टशी जोडणारी खिट्टी, झिजलेली निघाली. प्रेस तीन तास उभी होती. सकाळी प्रॉडक्शन मॅनेजर आधी चिडले, मग त्यांनी झिजलेली की हातात घेऊन पाहिली आणि गप्प झाले. मी मामांना म्हटलं, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार करू. ते म्हणाले, "सत्कार राहू द्या. त्या तीन तासांचं टार्गेट माझ्या शिफ्टच्या डोक्यावरून काढा."

ते काढलं. तेव्हापासून नियमच झाला: सुरक्षेसाठी मशीन थांबवली, तर तो वेळ टार्गेटमधून वजा. शंका खोटी ठरली तरीही वजा. आमच्या सगळ्या योजनेत याहून मोठं बक्षीस दुसरं नव्हतं. आणि ती झिजलेली की आम्ही ट्रेनिंग रूममध्ये फळीवर ठेवली, नव्या मुलांना हातात घेऊन बघता यावी म्हणून.

ज्यांना समारंभ आवडतो, त्यांच्यासाठी ४ मार्च आहेच, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. शपथ, बिल्ले, घोषवाक्य स्पर्धा, सगळं करा. फक्त तीच वर्षभराची योजना समजू नका. माझ्या मते खरा दिवस खंडेनवमीचा. मशिनी पुसून, झेंडू बांधून पूजा होते, घरची माणसं येतात, पोरं बाबांची मशीन बघतात. वर्षभरात ज्यांनी चांगलं काही केलं, त्यांची नावं तिथे, त्या त्या मशीनजवळ उभं राहून घ्या. फोटो लावायचा तर आधी विचारा.

सहावी पायरी: सुपरवायझर

कामगार तुमचं पोस्टर वाचत नाही, सुपरवायझरचा चेहरा वाचतो. कुणी येऊन 'दादा, आत्ता हात थोडक्यात वाचला' म्हणाला, तर समोरून पहिलं वाक्य काय येतं यावर सगळं ठरतं. 'तू काय करत होतास तिथं?' आलं, की त्या शिफ्टमधून पुन्हा काही कळणार नाही. 'बरं झालं सांगितलंस, चल दाखव' हे वाक्य पाठ करून घ्या, अक्षरशः पाठ. टूल बॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या बैठकीत, आम्ही सुपरवायझरांकडून ते एकमेकांवर म्हणून घेतलं. आधी हसले, पण जमलं.

त्यांच्यासाठीही बक्षीस ठेवा, मात्र 'माझ्या लाइनवर एकही अपघात नाही' याचं नको. आलेल्या कार्डांपैकी किती कामं वेळेत मार्गी लावली, याचं. नाहीतर कुकरची गोष्ट पुन्हा एक पायरी वरून सुरू होईल.

दुखापत झालीच तर

बक्षीस योजनेचा आणि दुखापतीच्या नोंदीचा कुठेही संबंध लावू नका. जखम झाली म्हणून कूपन कापलं, फळ्यावरून नाव पुसलं, असं काहीही नाही. कारणही लोकांना सांगा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतो. कामावरच्या दुखापतीने तीन किंवा जास्त दिवस काम बुडालं, तर मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि त्यासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. बोट कायमचं गेलं तर मिळकतीची क्षमता किती घटली हे मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्याप्रमाणे आयुष्यभर भत्ता मिळू शकतो. पण दुखापत कामावर झाल्याची नोंदच नसेल, गल्लीतल्या डॉक्टरकडे गुपचूप टाके घातले असतील, तर पुढे हे सगळं सिद्ध करणं फार अवघड जातं. त्या हेल्परला मी हे सांगितलं तेव्हा त्याला पहिल्यांदाच कळत होतं. चूक त्याची नव्हती. आम्ही जॉइनिंगच्या दिवशी ईएसआय कार्डाचा नंबर हातात ठेवून मोकळे झालो होतो.

सातवी पायरी: नकली कार्डं आणि घाबरलेले मालक

महिनाअखेर एकाच बल्बबद्दल अकरा कार्डं आली, तर रागावू नका. बल्ब बदला आणि एकालाच कूपन द्या. कोणतं कार्ड बक्षिसाला पात्र, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. समितीत निम्मे कामगार घ्या, युनियन असेल तर त्यांचा माणूसही, आणि एक कंत्राटी कामगार नक्की. नकली कार्ड ते तुमच्या आधी ओळखतात. 'दर महिन्याला प्रत्येकाने दोन कार्डं' असला कोटा मात्र कधीही लावू नका. त्या दिवसापासून लोक कार्डं लिहीत नाहीत, भरतात.

मालकांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या सहा महिन्यांत आकडे बिघडलेले दिसतील. आमची किरकोळ दुखापतींची नोंद योजनेनंतर जवळपास तिप्पट झाली. मालकांनी फोन करून विचारलं, "अरे, तू आल्यापासून अपघात वाढले की काय?" वाढले नव्हते, वहीत यायला लागले होते. मी त्यांना दुसरे आकडे दाखवायला सुरुवात केली: कार्ड आल्यापासून काम होईपर्यंत किती दिवस लागले, मशीन कितीदा थांबवली, कोणत्या शिफ्टमधून एकही कार्ड नाही. या शेवटच्या आकड्याकडे नीट लक्ष ठेवा. एकही कार्ड न येणारी शिफ्ट सुरक्षित असते असं नाही, बहुधा तिथला सुपरवायझर तापट असतो.

दोन-तीन महिन्यांतून एकदा थर्ड शिफ्टला पहाटे तीनच्या सुमारास जा आणि कुणालाही विचारा, 'वाचलो कार्ड कुठं मिळतं?' मी गेलो तेव्हा चौघांपैकी तिघांना माहीत नव्हतं. चौथ्याला माहीत होतं, पण पेटीजवळ पेन नव्हतं. पेन सुतळीने पेटीला बांधा. तरीही ते जातंच, तेव्हा डझनभर आणून ठेवा.